जाड अक्षराची सूज आणि बाळसं

कोल्हापुरात, राजारामपुरीत आइस्क्रीमचं दुकान थाटायचं असो की रंकाळ्यावर भेळेची गाडी लावायची असो, बोर्ड करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची मागणी साधारण एकच असते. "अक्षर जाड पायजे, लांबनं दिसाय पायजे, पण अंगावर आल्यागत वाटाय नको. जरा मऊ टाका की." डीटीपीवाला मान डोलावतो, कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतो, यादीतला सगळ्यात जाड फॉन्ट उचलतो, त्याला भोवतीनं आउटलाइन मारतो आणि कोपरे गोल करतो. दहा मिनिटांत काम तयार. बोर्ड चढतो. अक्षर जाड असतं, गोलही असतं, पण मऊ काही वाटत नाही. सूज आणि बाळसं यांत जो फरक, तोच इथे पडलेला असतो.

गिऱ्हाइकाला हवं असतं बाळसं. ते कुठून येतं हे समजायला अक्षराच्या आत शिरावं लागतं. या जातीच्या फॉन्टला टाइपवाले 'बोल्ड राउंडेड सॅन्स सेरिफ' म्हणतात आणि पुढे 'डिस्प्लेसाठी' असंही जोडतात. एका नावात चार गोष्टी कोंबल्यात, त्या आधी सुट्या करू.

'डिस्प्ले' म्हणजे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांत वापरायचं अक्षर: दुकानाची पाटी, पुड्यावरचं नाव, लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, मोबाइल ॲपचं शीर्षक. पुस्तकाच्या आतल्या पानांचा मजकूर यात बसत नाही. 'बोल्ड' म्हणजे जाड, त्यात समजावण्यासारखं काही नाही असं वाटतं, पण खरी गोम तिथेच आहे. तिच्याकडे येईनच.

'सेरिफ' म्हणजे रोमन अक्षरांच्या रेघांना टोकाशी असतात ती बारीक पावलं. वर्तमानपत्रातल्या इंग्रजी अक्षरांना ती दिसतात. ही पावलं काढून टाकलेला पहिला छापील टाइप इंग्लंडमध्ये १८१६ साली विल्यम कॅस्लन (चौथा) यानं दाखवला. 'सॅन्स' म्हणजे 'शिवाय'. देवनागरीला मुळातच अशी पावलं नाहीत, त्यामुळे देवनागरी फॉन्टला कुणी सॅन्स सेरिफ म्हटलं की नवखा माणूस गोंधळतो. आपल्याकडे त्याचा अर्थ थोडा सरकवून घ्यायचा. पोथीतलं अक्षर बोरूनं लिहिलेलं. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून रेघ एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक, आणि तिचा शेवट धारदार तिरका. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांतही हेच वळण उतरलं. जाड-बारीकपणा आणि ती तिरकी धार दोन्ही काढून रेघ सगळीकडे सारखी ठेवली की ते झालं देवनागरीतलं 'सॅन्स'.

उरला 'राउंडेड'. इथे लोक हमखास दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. अक्षराचं पोट गोल असणं वेगळं आणि रेघेचं टोक गोल असणं वेगळं. पॉपिन्स नावाचा फॉन्ट तुम्ही मोबाइलवर रोज कुठे ना कुठे बघता. त्याची वळणं कंपासनं काढल्यासारखी गोल आहेत, पण टोकं सरळ कापलेली. तो राउंडेड नव्हे. उलट बाजूचं उदाहरण १९२२ सालच्या कूपर ब्लॅकचं. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरनं काढलेल्या या जाडजूड टाइपला सेरिफ आहेत, तरी त्याच्या अंगावर एकही टोकदार कोपरा नाही आणि शंभर वर्षं झाली तरी खाऊच्या पुड्यांवरून तो उतरायला तयार नाही. म्हणजे गोलाई आणि सेरिफ यांचा आपापसांत काही संबंध नाही. राउंडेड म्हणायचं ते रेघेच्या शेवटाला. तिथे पूर्ण अर्धवर्तुळ असतं, किंवा निदान कोपरे चांगले मोडलेले असतात.

हे गोल टोक कुणा चित्रकाराच्या लहरीतून आलेलं नाही. ते हत्यारातून आलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत पाटीवाल्यांसाठी स्पीडबॉल नावाच्या निबा निघाल्या, त्यांतल्या एका प्रकाराचं टोक गोल चकतीचं होतं. ती कागदावर टेकवा, ओढा आणि उचला, रेघेची दोन्ही टोकं आपोआप गोल. १९१० मध्ये पॅरिसला जॉर्ज क्लोदनं निऑनचा दिवा दाखवला आणि पुढे त्याच्या पाट्या झाल्या. काचेची नळी एकाच जाडीची, वळेल तशीच वळणार, टोकाशी गोल बंद होणार. आज शिरोली किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या शेडमध्ये राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणाऱ्या यंत्रावर, अक्षर कापताना बघा. त्याचं तीन मिलिमीटर जाडीचं पातं, म्हणजे बिट, फिरतं, त्यामुळे आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येपेक्षा टोकदार निघूच शकत नाही. फिरणाऱ्या हत्याराला काटकोन माहीत नसतो. लेझर मात्र टोकदार कापतो. म्हणून लेझर आल्यापासून गोल अक्षर ही गरज राहिली नाही, आवड झाली.

कोल्हापूरच्या जुन्या पाटीवाल्यांचं याच्या नेमकं उलट होतं. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या गावात रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढणाऱ्यांची कधी वानवा नव्हती. सिनेमाची पोस्टरं रंगवण्याचा पायंडा आपल्या देशात पाडणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. पण पाटीवाल्याच्या हातात बहुतेक वेळा चपटा ब्रश. चपट्या ब्रशनं रेघ ओढली की टोक सपाट येतं. ते गोल करायला परत येऊन दोन फटकारे जास्तीचे मारावे लागतात. आणि मोबदला पाटीचा, फटकाऱ्यांचा नव्हे. त्यामुळे जुन्या गंगावेशीतल्या, लक्ष्मीपुरीतल्या पाट्यांवर ठसठशीत अक्षर दिसतं, पण गोल टोकाचं कमीच. आपल्याकडे गोल अक्षरांचा सुळसुळाट झाला तो संगणक आणि फ्लेक्स आल्यावर.

गोल म्हणजे मऊ, असं का वाटतं?

यावर मानसशास्त्रात प्रयोग झालेत. १९२९ साली वोल्फगांग कोलरनं लोकांपुढे दोन आकृत्या ठेवल्या, एक काटेरी, एक गुबगुबीत, आणि दोन अर्थहीन नावं दिली. कुठलं नाव कुणाचं ते ओळखायचं. काटेरी आकृतीला लोक कडक उच्चारांचं नाव देत आणि गोल आकृतीला मऊ उच्चारांचं. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी हाच खेळ 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी पुन्हा मांडला, तेव्हाही प्रचंड बहुमतानं गोल आकृती बूबाच ठरली. २००६ मध्ये मोशे बार आणि मायटल नेटा यांनी रोजच्या वस्तूंची चित्रं दाखवून पाहिलं की टोकदार कडांपेक्षा वळणदार कडांची वस्तू लोकांना जास्त आवडते. टोक म्हणजे लागण्याची भीती, असा त्यांचा अंदाज.

मला यातलं अर्धंच पटतं. डोळ्याला गोल कड सुखावते हे खरं, पण 'गोल अक्षर म्हणजे लहान मुलांचं' हे समीकरण सवयीचं आहे, निसर्गाचं नाही. जपानमध्ये गोल टोकांच्या अक्षरांना 'मारू गोथिक' म्हणतात आणि तिथल्या जुन्या सरकारी रेल्वेनं स्टेशनांच्या पाट्यांसाठी गोल कोपऱ्यांचंच अक्षर घेतलं होतं. त्यात बालिश काही नव्हतं. लांबून वाचता येतं एवढाच हिशोब. जर्मनीत १९७९ च्या सुमारास फोक्सवॅगन कंपनीसाठी व्हीएजी राउंडेड हा टाइप झाला. गाड्या विकणाऱ्या शोरूमचं ते अक्षर! पुढे ॲपलच्या लॅपटॉपच्या कळांवर बरीच वर्षं तेच होतं. तिथे त्याचा सूर लाडिक अजिबात वाटत नाही, कारण तिथली रेघ बेताची जाड आहे. गोलाई आणि जाडी दोन्ही वाढवत नेल्या की मग अक्षर खेळकर व्हायला लागतं. किती खेळकर हवं ते ठरवणं आपल्या हातात असतं.

आता गोम

आउटलाइन मारून अक्षर जाड केलं की नेमकं काय होतं ते बघू. आउटलाइन रेघेच्या दोन्ही बाजूंना वाढते, बाहेरही आणि आतही. बाहेर मोकळी जागा असते, तिथे फुगलं तरी बिघडत नाही. आत मात्र अक्षराच्या पोटातली पांढरी जागा असते, ती खाल्ली जाते. टाइपवाले या जागेला 'काउंटर' म्हणतात. मी सरळ पोकळी म्हणतो. समजा 'क'च्या पोटातली पोकळी ८० एककं रुंद आहे आणि तुम्ही २० एककांची वाढ दिली. दोन बाजूंनी २०-२० गेले, पोकळी उरली ४०. रेघ ४० एककांनी जाड झाली आणि पोकळी निम्म्यावर आली. आणि पोकळी मुळात ४० च असती तर ती मिटलीच.

आणखी एक गंमत. गोल आउटलाइननं बाहेरचे कोपरे गोल होतात, पण आतले, म्हणजे जिथे दोन रेघा एकमेकींना मिळतात ते खाचेतले कोपरे टोकदारच राहतात. हे भूमितीच आहे, सॉफ्टवेअरचा दोष नाही. मग अक्षर बाहेरून गुळगुळीत आणि आतून खरखरीत दिसतं. बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

देवनागरीत हे दुखणं रोमनपेक्षा कितीतरी जास्त. इंग्रजी 'ओ' कितीही जाड करा, मधलं भोक राहतं. आपला 'ह' घ्या. शिरोरेषा, तिच्याखाली मानेतून निघालेलं वळण, मग पोटाचं वळण, मग खालची शेपटी. वरून खाली एक रेघ मारली तर ती साधारण चार पट्ट्यांना छेदून जाते, आणि चार पट्ट्यांत तीन फटी. शिरोरेषेपासून पायापर्यंत ६०० एकक उंची धरू. साध्या वजनात, म्हणजे फॉन्टच्या नेहमीच्या जाडीत, पट्टी ६० जाड असेल तर चार पट्ट्यांचे २४० झाले, उरलेल्या ३६० मध्ये प्रत्येक फटीला १२० मिळाले. ऐसपैस. आता जाडी दुप्पट करा. १२० च्या चार पट्ट्या म्हणजे ४८०, उरले १२०, फटीच्या वाट्याला ४०. काळं दुप्पट झालं आणि पांढरं तिसऱ्या हिश्श्यावर आलं. लांबून हा 'ह' नुसता डाग दिसतो.

म्हणून चांगला जाड फॉन्ट करणारा माणूस जाडी वाढवत नाही, वाटतो. 'कोल्हापूर' हा शब्द समोर ठेवून बघा. 'र'ला आत फारसं काही नाही, त्याला भरपूर जाडी द्या. 'प'चं पोट एकच, तोही दणकट चालेल. 'क'मध्ये डावीकडे पोट आणि उजवीकडे हुकासारखा आकडा, मधे दंड, पुन्हा त्याच्या शेजारी काना. इथे आकड्याची रेघ हळूच बारीक करायची, म्हणजे आकडा कान्याला जाऊन धडकत नाही. मग येतो 'ल्हा'. अर्धा ल आणि त्याला खेटून ह. इथे आतली वळणं बाहेरच्या रेघेच्या दोन तृतीयांश जाडीवर आणायची, अक्षर थोडं रुंद करायचं, ह ची शेपटी पायाच्या रेघेखाली जरा उतरू द्यायची. शब्द पूर्ण वाचताना डोळ्याला सगळी रेघ एकाच जाडीची वाटते. पट्टी लावून मोजलं तर एकही रेघ दुसरीसारखी नसते. हीच ती कारागिरी. आउटलाइनच्या एका आकड्याला ती कळणार कुठून? त्याला 'र' आणि 'ह' सारखेच.

डोळ्याचे आणखी काही हट्ट पुरवावे लागतात. एकाच मापाची आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते, म्हणून आडवी थोडी कमी ठेवायची. गोल टोकाची रेघ सपाट टोकाच्या रेघेपेक्षा आखूड भासते, कारण टोकाशी काळं निमुळतं होत जातं. म्हणून कान्याचा पाय अंमळ खाली लांबवायचा. दोन जाड रेघा मिळतात तिथे काळा गोळा जमतो, म्हणून सांध्याजवळ रेघ चिमटीत धरल्यासारखी बारीक करायची.

भडंगाची मडंग

जयसिंगपूर-सांगलीकडून कोल्हापूरपर्यंत भडंग खाल्ला जातो, म्हणून उदाहरण त्याचंच. 'भ' आणि 'म' यांच्यात फरक किती? वरच्या डाव्या कोपऱ्यात भ ची शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ असते. बस. फॉन्ट जाड होताना ही तुटलेली जागा पहिल्यांदा बुजते. मग पुड्यावर 'मडंग' वाचायचं आणि खाणाऱ्यानं समजून घ्यायचं. 'ध' आणि 'घ' यांचं तसंच. धनगरी ढोलाच्या कार्यक्रमाच्या फलकावर 'घनगरी' दिसलं तर दोष टायपिंगचा नसेलही, शिरोरेषेतली फट बुजली असेल. 'ख' हा तर जुना चकवा: त्याचे दोन भाग जरा सुटले की 'रव' वाचला जातो, आणि गोल टोकांमुळे दोन भाग सुटण्याचा संभव वाढतो. म्हणून बऱ्या फॉन्टमध्ये ख च्या तळाशी दोन्ही भाग ठामपणे जोडलेले असतात.

शिरोरेषेची स्वतःची वेगळीच पंचाईत. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, त्यांची टोकं गोल केली की काम संपलं. आपली अक्षरं एकमेकांना हात धरून उभी. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची टोकं गोल केली तर शब्द जुळवताना दर दोन अक्षरांमध्ये वरून-खालून खाच पडते. मग काही जण शिरोरेषा सपाटच ठेवतात आणि बाकी सगळं अक्षर गोल करतात. शब्दाची सुरुवात आणि शेवट तेवढे चौकोनी राहतात, जरा विसंगत दिसतं. काही जण शिरोरेषा शेजारच्या अक्षरात आतपर्यंत घुसवतात, म्हणजे गोल टोक पलीकडच्या रेघेत बुडून जातं आणि शब्दाच्या दोन कडांनाच दिसतं. माझ्या मते हा मार्ग उत्तम. पण अक्षरांमध्ये अंतर वाढवायची सवय असलेल्या डीटीपीवाल्यानं थोडी फट दिली की सगळी गोल टोकं उघडी पडतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवणं तसंही वाईटच दिसतं, पण सांगूनही कुणी ऐकत नाही.

वरच्या मजल्यावर तर गर्दी विचारू नका. 'सर्वांचं स्वागत' ही आपल्या कमानींवरची नेहमीची ओळ. त्यात 'र्वां' आला: काना, त्यावर रफार, त्याशेजारी अनुस्वार. जाड फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एक लाडू होतो. चांगल्या फॉन्टमध्ये या जोडीसाठी वेगळा आकार काढून ठेवलेला असतो, रफार जरा मागे आणि टिंब पुढे. आइस्क्रीमवाल्यांच्या नशिबी 'स्क्री' आहे, अर्धा स, मग क्र, वर वेलांटी. जाडी, गोलाई आणि वाचनीयता यांची भांडणं बघायची असतील तर तेवढं एक अक्षर पुरे.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे 'पांढऱ्या रश्श्याची वाटी'. या तीन शब्दांत फॉन्टची पुरी परीक्षा होते. 'ऱ्या'मधला तो पापणीसारखा अर्धा र मराठीत पदोपदी लागतो. हिंदीत त्याचं काम पडत नाही. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो नसेल किंवा उगाच जोडून दिलेला असेल, तर 'पांढर्‍या'च्या ऐवजी रफारवाला 'पांढर्या' उमटतो. 'श्श्य' म्हणजे दोन अर्धे श आणि त्यांच्यापुढे य. प्रत्येक श मध्ये गाठ, गाठीत पोकळी. जाड केल्यावर त्या पोकळ्यांचं काय होतं ते बघा. शिवाय श आणि ल यांची मराठी वळणं वेगळी आहेत. देठाचा श आणि पाकळीचा ल वापरावा असं राज्य शासनानंही २०२२ च्या नोव्हेंबरात सांगितलं. काही फॉन्टांत ही मराठी वळणं आत दडलेली असतात, मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की बाहेर येतात. भाषा हिंदीवर ठेवून टाइप करणाऱ्याला ती कधी दिसतच नाहीत, आणि तो फॉन्टला शिव्या घालतो.

दोन फॉन्ट, दोन वाटा

हे सगळं कागदावरचं वाटू नये म्हणून फुकट मिळणारे दोन फॉन्ट उघडून बघा. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या संस्थेचे, गूगल फॉन्ट्सवर आहेत.

पहिला मोदक. जाडीची हौस पुरवायची तर पूर्ण, असा हा फॉन्ट. इथे अक्षरांच्या आतली पोकळी जवळजवळ गिळून टाकली आहे, तिच्या जागी केसासारखी पांढरी रेघ उरते आणि त्या रेघेवरूनच अक्षर ओळखायचं. हे करायला धाडस लागतं आणि त्याहून जास्त हिशोब लागतो, कारण ती पांढरी रेघ कुठून कुठे जाते यावर सगळी भिस्त. मोठ्या आकारात मोदक बघायला फार मजा येते. बोटभर उंचीच्या खाली आणला की तो संपला.

दुसरा बालू. २०१६ च्या सुमारास आलेला. हाही जाड आणि लडिवाळ, पण इथे पोकळीला मान आहे. टोकं मऊ, सांधे साफ. त्याचं आणखी मोठं काम म्हणजे एकट्या देवनागरीवर न थांबता गुजराती, बंगाली, गुरुमुखी, ओडिया, कन्नड, तेलुगू, मल्याळम, तमिळ अशा लिप्यांसाठी त्याची भावंडं काढली आणि सगळ्यांची जाडी, सूर एकाच घरातला ठेवला. प्रत्येक भावंडाला त्या त्या भाषेतली हाक दिली आहे: गुजरातीला भाई, बंगालीला दा, गुरुमुखीला पाजी, तमिळला तंबी. हे काम किती किचकट असेल याचा अंदाज करा. तमिळमध्ये शिरोरेषा नाही, बंगालीत आहे; कन्नड मुळातच गोल, गुरुमुखी तेवढी नाही. तरी चार पाट्या शेजारी लावल्या तर एका कंपनीच्या वाटायला हव्यात. कोल्हापूरहून निपाणी-बेळगावला माल पाठवणाऱ्याला मराठी आणि कन्नड एकाच पुड्यावर छापायचं असतं, त्याच्या दृष्टीनं ही सोन्यासारखी गोष्ट आहे. सुरुवातीला बालू एकाच जाड वजनात होता. नंतरच्या 'बालू २'मध्ये ४०० (साधं) पासून ८०० (खूप जाड) पर्यंत पाच वजनं मिळाली.

वजनाचे हे आकडे मघाच्या गणिताशी जोडून बघा. प्रत्येक वजन आउटलाइन मारून काढलेलं नसतं. साधं आणि एकदम जाड अशी दोन टोकं रचनाकार हातानं काढतो, पोकळ्या सांभाळून, आणि मधली वजनं संगणक त्या दोघांच्या दरम्यान हिशोबानं काढतो. २०१६ पासून 'व्हेरिएबल फॉन्ट' नावाची सोय आली. एकाच फाइलमध्ये ही सगळी सरकती पट्टी मिळते, ४०० ते ८०० मधला ६३७ हवा असला तरी मिळतो. ६३७ कुणाला लागतो म्हणाल, तर रात्री बोर्ड पेटवणाऱ्याला.

काळ्या पाटीवर पांढरं अक्षर नेहमीच जरा जाड दिसतं. त्यात मागून एलईडी लावले की उजेड कडेनं सांडतो आणि पोकळीत शिरतो. दिवसा झकास वाचता येणारा 'मिसळ'मधला ळ रात्री दोन पेटते गोळे होतो. पेटत्या बोर्डाला म्हणून एक वजन खालचं घ्यावं. दिवसा जरा बारीक वाटेल, चालेल. आपल्याकडे खाणं रात्रीच जास्त खपतं.

आकाराबद्दल साइनबोर्डवाल्यांचा एक ठोकताळा आहे: वाचणारा दहा फूट लांब असेल तर अक्षराची उंची एक इंच. हा इंग्रजी मोठ्या अक्षरांचा हिशोब. देवनागरीत उंची मोजताना वेलांटी-मात्रा आणि खालचे उकार धरायचे नाहीत, शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंग तेवढं धरायचं, आणि वर थोडी सढळ जागा द्यायची. नाहीतर बोर्ड दोन फुटांचा असतो आणि त्यातलं अक्षराचं अंग जेमतेम एक फुटाचं निघतं.

कुठे वापरू नये

श्रद्धांजलीच्या फलकावर. हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण गुबगुबीत अक्षरातलं 'भावपूर्ण श्रद्धांजली' मी बघितलेलं आहे. शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या फुटबॉल सामन्याच्या फलकावरही नको; तिथे ईर्षा लागते आणि गोल अक्षरात ईर्षा टिकत नाही. औषधाची मात्रा, परतीच्या अटी, बसचं वेळापत्रक, म्हणजे जिथे मजकूर बारीक आणि चूक महागात पडणारी, तिथे तर मुळीच नको. आणि कोल्हापुरी मसाल्याच्या पाकिटावर वापरायचं की नाही यावर मतं वेगळी असतील. मला विचाराल तर तिखटाचं अक्षर थोडं टोचलं पाहिजे.

दुकानदारानं फॉन्ट पारखायचा तर यादीतल्या नमुन्याच्या अक्षरांवर जाऊ नये. तिथे सोपीच अक्षरं दाखवलेली असतात. आपला मजकूर आणि सोबत 'भडंग, धनगरी, खर्डा, सर्वांचं, आइस्क्रीम, पांढऱ्या रश्श्याची' एवढं एका कागदावर छापून घ्या, भिंतीला चिकटवा आणि रस्ता ओलांडून पलीकडून वाचा. तुम्ही नको, मजकूर माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला लावा. शेजारच्या दुकानातलं पोरगं असेल तर उत्तम.

फुकट फॉन्टबद्दल लोकांना शंका असते की पुढेमागे कुणी पैसे मागेल. मोदक आणि बालू 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली आहेत. बोर्ड, पुडा, जाहिरात, टी-शर्ट, धंद्यासाठी काहीही करा, पैसे लागत नाहीत, परवानगीही लागत नाही. फक्त नुसता फॉन्टच विकायला बसायचं नाही, आणि त्यात फेरफार करून नवा फॉन्ट वाटला तर तोही याच परवान्याखाली द्यायचा. उलट डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं पडून असलेले जुने जाड फॉन्ट अनेकदा युनिकोडपूर्व काळातले असतात, म्हणजे सगळ्या संगणक-मोबाइलांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत येण्याआधीचे. त्यांत बोर्ड सुरेख निघेल, पण तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. दुकानाचं नाव बोर्डाबरोबर मोबाइलवरही त्याच अक्षरात हवं असेल तर युनिकोड फॉन्टच मागा.

शेवटी छपाईला फाइल देताना सगळेच सांगतात, "कर्व्ह करून पाठवा." कर्व्ह केलं की अक्षरं आकृती होतात, समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, वजनही बदलता येत नाही. म्हणून प्रूफ आधी वाचा, कर्व्ह नंतर करा, आणि न कर्व्ह केलेली एक फाइल स्वतःजवळ ठेवा. पुढच्या दिवाळीला बोर्ड बदलताना ती लागते.